ढगाळ आभाळाचं एडिटिंग : राजगडावरचं आकाश किती गडद करावं?

ओली_वाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात राजगडावर गेले होते. संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी बालेकिल्ल्यावरून संजीवनी माचीकडे बघत उभी होते. दिवसभर मळभ होतं, काही हाती लागेल असं वाटत नव्हतं. आणि बघता बघता तोरण्याच्या बाजूने ढगांची निळीकाळी भिंत वर चढायला लागली. भिंतीच्या तळाशी एक फट राहिली होती. त्या फटीतून उन्हाची तिरीप आली आणि माचीच्या तटाच्या कडेला सोन्याची रेघ ओढल्यासारखं झालं. चार-पाच मिनिटं टिकलं असेल. तेवढ्यात अकरा फोटो काढले.

घरी येऊन उघडले तर आकाश पांढुरकं, माची काळी. डोळ्यांनी जे पाहिलं त्यातलं काहीच नाही. (प्रकाशचित्र म्हणजे प्रचि १ : रॉ फाईल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची फाईल, काहीही न करता. १८ एमएम, एफ ११, १/१२५, आयएसओ १००.)

मग लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बसले. हायलाइट (उजळ भाग) उणे १००, शॅडो (गडद भाग) अधिक १००, डीहेझ (धुरकटपणा काढणारा) अधिक ६०, क्लॅरिटी (उठाव वाढवणारी) अधिक ५०, आणि निळ्या रंगाचा उजेड उणे ७०. (प्रचि २.) मला वाटलं, आता जमलं. धाकट्या बहिणीला दाखवला तर ती म्हणाली, "ताई, हे आभाळ कुठून आणलंस?" नंतर एका स्पर्धेला पाठवला. तिथून परत आला, शेरा होता : "आकाश बदललेले वाटते."

मी आकाश बदललेलं नाही. त्या संध्याकाळचं तेच आकाश आहे. म्हणून हा शेरा फार लागला. खरं असलेलं आभाळ माझ्याच हातून खोटं कसं झालं, हे मला समजून घ्यायचं आहे. स्पष्ट लिहा, वाईट वाटून घेणार नाही.

निळाई

ढगांचा आकार सुरेख आलाय. पण डोळा सारखा तोरण्याच्या कडेवर जातोय. डोंगराभोवती पांढरी झालर आहे, तिच्यामुळे डोंगर कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

कातळमाथा

ओली_वाट, आधी हे सांगतो की प्रसंग विलक्षण होता आणि तुम्ही तिथे होतात. बाकी सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे.

झालर क्लॅरिटी, डीहेझ आणि शॅडो यांच्या ओढाताणीतून येते. हे स्लायडर आजूबाजूच्या भागाशी तुलना करून काम करतात. गडद डोंगर उजळायचा आणि त्याला लागून असलेलं आकाश गडद करायचं, असं एकाच वेळी सांगितलं की सीमेवरची पट्टी दोन्हीकडून सुटते आणि पांढरी राहते. पण झालर ही छोटी चूक आहे. मोठी चूक वेगळीच आहे.

तुमच्या चौकटीत सूर्य समोर आहे, ढगामागे. म्हणजे उजेड समोरून तुमच्याकडे येतोय. तटाच्या कडेला सोनेरी रेघ आहे ती त्यामुळेच. मग तटाची तुमच्याकडची बाजू सावलीत असायला हवी. शॅडो अधिक १०० करून तुम्ही ती बाजू इतकी उजळलीत की पाठीमागून कोणी दिवा धरलाय असं वाटतं. आकाश सांगतंय सूर्य पुढे आहे, दगड सांगतायत सूर्य मागे आहे. बघणाऱ्याला हे शब्दांत मांडता येत नाही, पण मनाला ते लगेच जाणवतं. बहिणीला जाणवलं. परीक्षकांनाही तेच जाणवलं असणार, फक्त कारण त्यांनी वेगळं लिहिलं.

आकाशावर काम करताना मी एकच प्रश्न धरून बसतो : उजेड कुठून आला? आकाश हाच बाहेरच्या फोटोतला दिवा असतो. दिव्याची वात कमी-जास्त केली की खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर फरक पडतो. आभाळ दोन पायऱ्या गडद केलं आणि जमीन होती तशीच ठेवली, किंवा उलट उजळली, तर दोघांचा संबंध तुटतो.

आता दुसरं. प्रचि १ मध्ये सूर्याजवळचा ढग जळालाय का ते तपासा. लाइटरूममध्ये ऑल्ट दाबून हायलाइटचा स्लायडर हलवा, जिथे रंगीत ठिपके दिसतील तिथे एखादा रंग संपलाय, पांढरे दिसतील तिथे तिन्ही संपले. तिन्ही संपलेल्या जागी कितीही ओढलं तरी राखाडी डागच मिळतो. प्रचि २ मध्ये फटीच्या वर तो डाग मला दिसतोय. मावळतीच्या वेळी बहुतेकदा लाल रंग आधी संपतो, आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरचा साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ते दाखवतोच असं नाही. म्हणून तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू ठेवा.

अकराच्या अकरा फ्रेम एकाच एक्स्पोजरच्या आहेत का? बघून सांगा.

पाणकळा

मी फोटोग्राफीतला नाही, वाचक आहे. आमची शेती बार्शीकडे. प्रचि २ वडिलांना दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "ढग पावसाचा आहे, पण पाऊस कुठंय?"

विचारलं तर त्यांनी सांगितलं, असा ढग कोसळत येतो तेव्हा त्याच्या पोटाखाली आभाळ पांढुरकं, धुरकट दिसतं. तिथे सर पडत असते. काळा ढग आणि त्याच्याखालीही काळंच, असं रानात दिसत नाही. तुमच्या प्रचि १ मध्ये तोरण्याच्या उजवीकडे ते पांढुरकं आहे. प्रचि २ मध्ये ते गेलंय.

कातळमाथा

पाणकळा, वडिलांना माझा नमस्कार सांगा. डीहेझनं नेमकं हेच केलंय. त्या स्लायडरला धुकं, धूर, पावसाची सर यांतला फरक कळत नाही. फिकट, कमी कॉन्ट्रास्टचं जे दिसेल ते तो खरवडून काढतो आणि वर रंग चढवतो.

सह्याद्रीच्या बाबतीत हे फार नुकसानीचं आहे. एकामागे एक डोंगररांगा असतात, आणि मागची रांग पुढचीपेक्षा फिकट, निळसर दिसते कारण मधे हवा आहे. ती हवा म्हणजेच अंतर. डीहेझ सगळ्या फोटोवर ६० ला नेला की पुढची माची आणि मागचा तोरणा एकाच भिंतीवर टांगल्यासारखे दिसतात.

जुना_एन्लार्जर

ओली_वाट ताई, धागा वाचून राहवलं नाही. मी चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला, त्यातली बरीचशी लाल दिव्याखाली गेली. तुमचा प्रश्न फोटोग्राफीइतकाच जुना आहे.

१८५० च्या दशकात ओल्या काचेवर, म्हणजे कलोडियनच्या प्लेटवर फोटो काढत. ते रसायन निळ्या उजेडाला भयंकर संवेदनशील होतं. जमिनीचा तपशील यावा इतका वेळ दिला की आकाश पार जळून पांढरं होई. त्या काळातले किल्ल्यांचे, देवळांचे फोटो आठवा, वरचा भाग कोरा कागद. ढग नव्हते म्हणून नव्हे, प्लेटला ते पेलवत नव्हते म्हणून. फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची जी चित्रं काढली, त्यांतल्या काहींत तोडगा असा होता : समुद्राची एक निगेटिव्ह, आकाशाची दुसरी, आणि क्षितिजावर दोन्ही जोडून एक प्रिंट. ढगांची तीच निगेटिव्ह त्यांनी एकापेक्षा जास्त चित्रांत वापरली. म्हणजे आकाश बदलणं ही संगणकाची देणगी नाही.

त्या चित्रांपुढे आजही माणूस थांबतो, कारण पाण्यावरची चमक आणि ढगातला उजेड एकमेकांशी बोलतात. कातळमाथा म्हणाले तेच.

आमच्या वेळी कृष्णधवल फिल्म असे, इंदू किंवा ओर्वो. निळं आकाश फिल्मवर फिकट येतं म्हणून लेन्सवर पिवळा फिल्टर लावायचा. पिवळ्याने आकाश डोळ्याला दिसतं तितपत यायचं, नारिंगीने त्याहून गडद, लाल लावला की जवळपास काळं आणि ढग पांढरेशुभ्र. मग डार्करूममध्ये प्रिंटला एक्स्पोजर देताना जमिनीवर पुठ्ठा धरायचा आणि आकाशाला जास्त वेळ उजेड द्यायचा. त्याला बर्निंग म्हणतो. जमिनीला दहा सेकंद दिले तर आकाशाला कधी वीस, कधी तीस.

यात गोम अशी की पुठ्ठा सारखा हलता ठेवावा लागतो. हात एक क्षण थांबला की प्रिंटवर कड उमटते. उमेदवारीच्या काळात माझ्या प्रिंटांवर डोंगराभोवती हीच झालर यायची, जी आज तुमच्या प्रचि २ मध्ये आहे. उस्ताद प्रिंट हायपोतून, म्हणजे ती पक्की करणाऱ्या द्रावणातून, बाहेर काढायचे, बघायचे आणि काही न बोलता फाडायचे. एका देवळाच्या शिखराची मी नऊ प्रिंट काढली तेव्हा दहावी त्यांनी ठेवली. त्या दहाव्यात आकाश पहिल्यापेक्षा कमी गडद होतं. माझा हात तोवर शांत झाला होता, एवढंच.

तुमच्या सॉफ्टवेअरमधलं मास्क म्हणजे आमचा पुठ्ठा. फेदर, म्हणजे मास्कची कड विरवणं, हे हाताचं हलणं. तिथे घाई करू नका.

दूरदेशी

काकांनी लाल फिल्टरचा विषय काढला म्हणून लिहितो. मी कॅलिफोर्नियात राहतो, योसेमिटीला अनेकदा जाणं होतं. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सल ॲडम्स यांनी तिथल्या हाफ डोम या डोंगराच्या कड्याचा प्रसिद्ध फोटो १० एप्रिल १९२७ रोजी काढला. वर चढून गेल्यावर त्यांच्याकडे दोनच प्लेटा उरल्या होत्या. पहिली पिवळ्या फिल्टरने काढली. मग त्यांच्या लक्षात आलं की यात आकाश साधंच येईल, कड्यासमोर उभं राहून जे वाटतंय ते येणार नाही. शेवटच्या प्लेटला गडद लाल फिल्टर लावला. आकाश जवळपास काळं आलं.

मी त्या कड्याखाली उभा राहिलोय. आकाश तिथे छान निळं असतं, काळं नाही. तरीही तो फोटो मला खोटा वाटत नाही. कड्यावरचं ऊन, सावली, बर्फ सगळं एकाच सूर्याचं आहे.

त्यांचा दुसरा, न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा, १ नोव्हेंबर १९४१ चा. पाठीमागे सूर्य मावळत होता आणि दफनभूमीतल्या क्रुसांवर शेवटचं ऊन होतं. लाइट मीटर सापडेना, तेव्हा चंद्राची तेजस्विता पाठ होती तिच्यावरून त्यांनी हिशोब केला. दुसरी प्लेट काढेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं. सुरुवातीच्या प्रिंटांत वरच्या आकाशात फिकट ढग दिसतात. पुढच्या वर्षांत ते प्रिंट काढत राहिले आणि आकाश गडद करत गेले, शेवटी वर जवळपास निखळ काळं. एकच निगेटिव्ह, पण माणूस बदलला तसं आकाश बदललं.

म्हणून ओली_वाट, "डोळ्याला दिसलं तितकंच" ही सीमा मी स्वतःवर घालत नाही. तुम्हाला तिथे उभं असताना काय वाटलं ते आणायला हरकत नसावी.

चौकटीबाहेर

मी नाशिकला व्यवसाय म्हणून हे काम करतो, फार्महाऊसच्या जाहिराती आणि प्रीवेडिंग. प्रामाणिकपणे सांगतो, मी आकाश बदलतो. फोटोशॉपमध्ये ऑक्टोबर २०२० पासून त्याची सोय आतच आहे, दोन मिनिटांचं काम. जूनमधल्या कुंद दिवशी बंगल्याचं शूट ठरलं तर ते पुढे ढकलता येत नाही. गिऱ्हाईकाला माहीत असतं, त्यानेच मागितलेलं असतं.

पण तिथेही उजेडाचा नियम सुटत नाही. कुंद दिवशी जमिनीवर सावल्याच नसतात. त्यावर निरभ्र निळं आकाश आणि लख्ख सूर्य ठेवला तर सावल्या कुठे गेल्या? म्हणून मी माझ्याच कॅमेऱ्याने आकाशांचे फोटो जमवलेत, सकाळ, दुपार, मळभ, विरळ ढग असे वेगवेगळे, आणि जमिनीच्या उजेडाशी जुळेल तेच घेतो. तलाव असेल तर पाण्यातलं प्रतिबिंबही बदलावं लागतं, आणि ते वरच्या आकाशापेक्षा जरा गडद ठेवावं लागतं. बरेच जण पाणी विसरतात.

किल्ल्याचा फोटो "मी हे पाहिलं" म्हणून लावताना मात्र मी बदलणार नाही.

कातळमाथा

चौकटीबाहेर, हे मोकळेपणाने लिहिलंत हे आवडलं. तुमच्या शेवटच्या वाक्यावर मी ठाम आहे, आणि त्याला माझ्याकडे एक कारण आहे.

एका ग्रुपवर राजगडावरून काढलेला म्हणून फोटो आला होता, डिसेंबरमधला. सूर्य बरोबर तोरण्यामागे बुडत होता. शेकडो लोकांनी वाहवा केली. आता, राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून तोरणा पश्चिमेच्या उत्तरेला कलून आहे. डिसेंबरात सूर्य नैऋत्येकडे सरकलेला असतो, तोरण्यापासून चांगलाच डावीकडे. तोरण्याच्या जवळ तो मे-जूनमध्ये येतो. सप्टेंबरच्या शेवटी जवळजवळ ठीक पश्चिमेला, म्हणजे तोरण्याच्या डाव्या हाताला, जसा ओली_वाट यांच्या प्रचि १ मध्ये ढगामागून उजळलाय. म्हणूनच मला त्यांचा फोटो पाहताक्षणी कळलं की आकाश अस्सल आहे.

त्या डिसेंबरच्या फोटोवरून कोणी नवखा मुलगा थंडीत कॅमेरा घेऊन गडावर गेला असेल आणि सूर्य शोधत बसला असेल. आपले फोटो लोक नकाशासारखे वापरतात. कुठल्या महिन्यात जायचं, कुठे उभं राहायचं, फुलं कधी, धुकं कधी. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्र, म्हणजे धुक्यावर आपल्या सावलीभोवती दिसणारं रंगीत वर्तुळ, बघायला सकाळीच जावं लागतं, कारण कडा पश्चिमेला तोंड करून आहे, दरीतल्या धुक्यावर आपली सावली पडायला सूर्य पाठीशी हवा. उद्या कोणी कोकणकड्यावरच्या मावळतीच्या फोटोत दरीतल्या धुक्यावर इंद्रवज्र चिकटवलं तर लोक संध्याकाळी वाट बघत बसतील. मला याची मनापासून चीड येते.

दूरदेशी, गडद करण्याला माझा विरोध नाही. ॲडम्स यांनी आकाश काळं केलं, चंद्र हलवला नाही.

खिशातला_कॅमेरा

माझ्याकडे फक्त फोन आहे. फोन आधीच काहीतरी करून ठेवतो, ढग निळेजांभळे आणि झाडं प्लास्टिकची. काही उपाय?

कातळमाथा

आहे. फोन एका क्लिकमध्ये बऱ्याच फ्रेम घेऊन जोडतो आणि वर स्वतःची चव लावतो. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये जा, रॉ किंवा डीएनजी चालू करा. आकाशावर बोट ठेवून एक्स्पोजर खाली ओढा, ढगाची सगळ्यात उजळ कड शाबूत राहील इतका. स्नॅपसीड मोफत आहे आणि डीएनजी उघडतं. त्यातलं एचडीआर स्केप वापरू नका. सिलेक्टिव्ह वापरा : ढगावर ठिपका ठेवा, दोन बोटांनी वर्तुळ लहान-मोठं करा, उजेड थोडा कमी, कॉन्ट्रास्ट थोडा जास्त. तीन-चार ठिपक्यांत काम होतं.

संगणकावर पैसे न घालता करायचं असेल तर डार्कटेबल आणि रॉथेरपी आहेत. डार्कटेबल शिकायला वेळ लागतो पण त्यातलं पॅरामेट्रिक मास्क आकाशासाठी फार चांगलं.

निळाई

रॉ आणि जेपेगचा आकाशात एवढा फरक का पडतो, कोणी सोप्या शब्दांत सांगेल का? मी अजून जेपेगच काढते.

कातळमाथा

जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. सेन्सर उजेड सरळ मोजतो, त्यामुळे सगळ्यात उजळ स्टॉपला (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याचा टप्पा) यातल्या निम्म्या, ८,१९२ पायऱ्या मिळतात, त्याखालच्याला ४,०९६, असं निम्मं निम्मं होत जातं. ढग बहुतेकदा त्या वरच्या एक-दोन स्टॉपमध्ये असतात. म्हणजे ढगांचा तपशील रॉमध्ये गच्च भरलेला असतो, जळू दिला नाहीत तर. जेपेगमध्ये तोच भाग मोजक्या पायऱ्यांत कोंबलेला असतो, ओढला की पट्टे पडतात. संध्याकाळच्या निरभ्र आकाशात, जिथे शेंदरीतून निळ्यात हळू जायचं असतं, तिथे हे पट्टे फार दिसतात. म्हणून रॉ काढा, १६ बिटमध्ये काम करा आणि जेपेग अगदी शेवटी.

ओली_वाट (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. दोन रात्री बसून सगळं पुन्हा केलं.

कातळमाथा, तुम्ही विचारलंत म्हणून अकरा फ्रेम नीट पाहिल्या. ढग उजळला तेव्हा कॅमेऱ्याने स्वतःच एक्स्पोजर कमी केलं होतं, आणि सातवी फ्रेम १/५०० ची निघाली. प्रचि १ पेक्षा दोन स्टॉप गडद. कॅमेऱ्यावर ती काळीच दिसत होती म्हणून मी तिच्याकडे बघितलंही नव्हतं. तिच्यात फटीजवळचा ढग शाबूत आहे. आधी वाटलं दोन फ्रेम जोडाव्यात, पण वारा होता, ढग सरकलेत आणि माचीवरचं गवतही वेगळ्या बाजूला झुकलंय. म्हणून एकट्या सातवीवरच काम केलं.

आधी पूर्ण फोटोचं एक्स्पोजर थोडं वर. हायलाइट उणे ५५, शॅडो फक्त अधिक २५. तटाची माझ्याकडची बाजू आता सावलीतच आहे. दगड जेमतेम कळतात. आणि गंमत अशी की ती सोन्याची रेघ, जी प्रचि २ मध्ये हरवली होती, ती आता सगळ्यात आधी दिसते.

आकाशाला सिलेक्ट स्काय वापरलं, त्याला वरून येणाऱ्या लिनिअर ग्रेडियंटशी इंटरसेक्ट केलं. त्यामुळे वरचा भाग गडद होतो आणि क्षितिजाकडे परिणाम विरत जातो, डोंगराला हात लागत नाही. डीहेझ फक्त त्या वरच्या भागाला, अधिक १२. पाणकळा यांच्या वडिलांनी सांगितलेली पावसाची सर मुद्दाम तशीच ठेवली, तिला काहीही लावलं नाही. निळ्या रंगाचा स्लायडर शून्यावर. तो ७० खाली ओढल्यामुळेच ढगात दाणे आले होते हे आता कळलं.

डीहेझ लावताना आकाशात तीन काळे ठिपके दिसले. सेन्सरवरची धूळ. एफ ११ ला ती उमटतेच, आणि प्रचि २ मध्ये तर ती ठळक होती. कोणी बोललं नाहीत, बहुतेक माझी समजूत राखलीत. हीलिंगने काढले.

प्रचि ३ खाली देत आहे. बहिणीला दाखवला. ती म्हणाली, "पाऊस आला का मग नंतर?"

जुना_एन्लार्जर

ताई, प्रचि ३ ठेवायचा. ढगाच्या पोटातला निळा आता शाईसारखा दिसतो आणि वर जाताना राखेसारखा होतो, तो उतार फार चांगला साधलाय. एकच सुचवतो : उजव्या वरच्या कोपऱ्यात ढग किंचित जास्त दबलाय, तिथे ग्रेडियंट थोडा हलका करा. प्रिंट काढणार असाल तर मॅट कागद घ्या, आणि पडद्यापेक्षा थोडा उजळ ठेवून द्या. पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद फेकत नाही. गडद आकाशं कागदावर आणखी गडद होतात.

दूरदेशी

प्रचि ३ फार आवडला. मी वर जे लिहिलं ते प्रचि २ च्या बाजूने होतं, पण तिसरा पाहिल्यावर मत बदललं. तुम्हाला तिथे जे वाटलं ते यातच जास्त आहे.

चौकटीबाहेर

सुंदर. स्पर्धांना पाठवताना सातव्या फ्रेमची मूळ रॉ जपून ठेवा. आयोजकांनी शंका घेतली तर ती देता येते. काही ठिकाणी निकालाआधी मागतातही.

पाणकळा

वडिलांना प्रचि ३ दाखवली. "ह्यो बरोबर," म्हणाले. आणि तुमच्या बहिणीच्या प्रश्नाचं उत्तरही दिलं : अर्ध्या तासात आला असणार.

ओली_वाट (धागाकर्ती)

काकांना सांगा, वीस मिनिटांतच आला. बालेकिल्ल्याच्या पायऱ्या उतरून पद्मावती माचीवर पोचेपर्यंत मी चिंब झाले होते, कॅमेरा जेवणाच्या डब्याच्या पिशवीत गुंडाळला होता.

एन्लार्जर काका, कोपरा हलका केला. १२ बाय १८ ची मॅट प्रिंट टाकली आहे, आली की सांगते.

कातळमाथा यांनी लिहिल्यापासून मे महिना डोक्यात आहे. वळवाच्या दिवसांत सूर्य तोरण्याजवळ असेल आणि ढगही असतील. शेवटच्या आठवड्यात पुन्हा जायचा विचार आहे. कोणी येणार का?

कातळमाथा

मी येतो. पाली दरवाज्याने चढू, ती वाट रुंद आहे, उतरताना अंधार झाला तरी बरी पडते. माझ्याकडे ०.६ चा सॉफ्ट ग्रॅज्युएटेड फिल्टर आहे, वर गडद आणि खाली हळूहळू स्वच्छ होत जाणारा, दोन स्टॉपचा. हार्ड आणू नका, तोरण्याचा माथा त्याच्या रेषेत अर्धा कापला जातो. पोलरायझरही घरीच ठेवा, सूर्य समोर असताना त्याचा उपयोग नाही. लेन्स पुसायला दोन-तीन सुती फडकी हवीत.

आणि हे आत्ताच ठरवून घेऊ. वळवाचा ढग म्हणजे विजा. वीज चमकल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. तसं झालं तर बालेकिल्ल्यावर जायचं नाही, वर असू तर लगेच उतरायचं, ट्रायपॉड मिटवायचा, आकाश कितीही सुंदर असलं तरी.

ओली_वाट (धागाकर्ती)

कबूल. घड्याळ मी लावते.